निळ्या पेटीवरचे शब्द

मोऱ्याहून उरण आणि उरणहून पनवेल हा सकाळचा प्रवास प्रांजल कोळी उघड्या डोळ्यांनी, पण अर्ध्या झोपेत करीत असे. एस.टी.च्या खिडकीबाहेर मिठागरांचे चौकोन एकामागून एक सरकत जात. प्रत्येकात आभाळाचा एकेक तुकडा उतरलेला असे आणि दोन चौकोनांमधल्या बांधावरून चालणारा एखादा माणूस आभाळाच्या कडेकडेने निघाल्यासारखा दिसे. बंदराच्या वाटेवर कंटेनरच्या गाड्या धुक्यात थांबलेल्या असत, जणू लाल-निळ्या भिंतींचे एक गाव मुक्काम हलवायच्या बेतात आहे. या तासा-सव्वातासात प्रांजलच्या मनात वाक्ये तयार होत. बस हलली की तीही हलत, कळंबोलीच्या चौकापर्यंत त्यांतली बरीचशी सांडून जात, आणि जे एखादे उरे ते ती कार्यालयाच्या जिन्यातच वहीत उतरवून घेई.

साल २०११, महिना ऑक्टोबर. रोडपालीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ‘हिमकोश’ नावाच्या कंपनीचे कार्यालय होते आणि तळोज्याला तिची शेड. माल थंड ठेवून वाहणाऱ्या ट्रकांच्या जाड भिंती बनवणे हा कंपनीचा वीस वर्षांचा धंदा. मालक चारुदत्त जोगळेकर स्वतः इंजिनियर. बोलणे कमी, आणि बोलताना समोरच्या माणसाऐवजी खिडकीकडे पाहण्याची सवय. ट्रकांच्या भिंतींतून उरणाऱ्या मालाची त्यांनी एक लहान पेटी करून पाहिली होती. दुहेरी भिंतीची, निळी, एका बाईला एकटीने उचलता येईल अशी. मासळी विकणाऱ्या बायकांना ती उपयोगी पडेल, असा त्यांचा कयास होता. मात्र ट्रकमालकांना भिंती विकणे वेगळे आणि बाजारात बसणाऱ्या बाईपर्यंत पेटी पोहोचवणे वेगळे, एवढे त्यांना उमगले होते. म्हणून त्यांनी एक नवे पद निर्माण केले. ज्युनियर प्रॉडक्ट मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह. हे पद कंपनीत याआधी कोणी भूषवलेले नव्हते, आणि या पदावरच्या माणसाने सकाळी येऊन नेमके काय करायचे, हे कोणालाही ठाऊक नव्हते.

“म्हणजे तू विकणार नाहीस, ते मी विकतो,” पहिल्याच दिवशी कल्पेशने तिला विचारले. अकरा वर्षे कंपनीची विक्री सांभाळणारा हा माणूस दोन मोबाइल बाळगी आणि दोन्हींवर एकाच वेळी हसू शके. “बनवणार नाहीस, ते तळोज्याला बनतं. मग करणार काय?”

प्रांजलने नुकत्याच संपलेल्या बी.एम.एस. या व्यवस्थापनाच्या पदवीच्या पुस्तकात होते ते उत्तर दिले. “वस्तूची आणि माणसाची ओळख करून देणार.”

“असं. म्हणजे लग्नं जमवणार. पत्रिका आण मग एक निळ्या पेटीची.”

नेमणूकपत्रात एक वाक्य होते, ते प्रांजलला पाठ झाले होते. सहा महिन्यांनी या पदाची आवश्यकता आहे किंवा नाही, याचा निर्णय घेण्यात येईल. केवळ तिला ठेवायचे की नाही, एवढाच प्रश्न नव्हता. हे पद जगात असावे की नसावे, हेच तिच्या सहा महिन्यांवर अवलंबून होते. घरी तर या पदाचे नाव कोणाला उच्चारता येत नव्हते. आई, शोभा, उरणच्या बाजारात मासळी विकी. लेकीच्या डोक्यावर पाटी यायला नको म्हणून तिने बावीस वर्षे आपल्या डोक्यावरची पाटी उतरवली नव्हती. शेजारणींनी विचारले की ती सांगे, “पोर कंपनीत हाय. टेबलावर बसते.” हे टेबल टिकवायचे होते.

पेटीची चाचणी शेडमध्ये झाली. तळाशी बर्फ, वर मासळी, मध्ये तापमापक. बहात्तर तास झाले तरी मासळी उत्तम राहिली. त्या आकड्यांचा कागद प्रांजल दोन दिवस बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी, मिठागरांवर ऊन नुकते टेकत असताना, ओळ आपोआप आली. तीन दिवस ताजी. निळ्या पेटीवर पांढऱ्या अक्षरांत ती तिला दिसलीच. अगदी मोऱ्याच्या धक्क्यावर, भरतीच्या पाण्यालगत, एका रांगेत मांडलेल्या पेट्या, आणि प्रत्येक पेटीवर तेच तीन शब्द, लाटांच्या उजेडात किंचित डुलणारे.

बैठकीत जोगळेकरांनी ओळ दोनदा मोठ्याने म्हणून पाहिली. कल्पेशने टाळी दिली. “मॅडम, सॉलिड. पहिल्यांदा असं वाटलं की तुझं काहीतरी काम आहे.” पेटीच्या चारही अंगांवर ती ओळ छापायची ठरली. चारशे पेट्या छापून झाल्या.

डिसेंबरात वीस पेट्या वापरून पाहण्यासाठी दिल्या गेल्या, काही मोऱ्याला आणि उरणला, काही पनवेलच्या उरण नाक्याजवळच्या मासळी बाजारात. बायकांनी त्या आनंदाने घेतल्या. यानंतर काही झाले नाही. कोणी तक्रार केली नाही आणि कोणी दुसरी पेटी मागितली नाही. कल्पेश बाजारात चक्कर टाकून आला आणि त्याने एका वाक्यात अहवाल दिला, “सगळ्या म्हणतात छान आहे, आणि एकीच्याही समोर दिसत नाही.”

वीसांपैकी एक पेटी प्रांजलच्याच घरी होती. रविवारी ती शोधू लागली तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सापडली. चारही अंगे छापील असल्यामुळे आईने तिच्यावर जुन्या साडीचा पडदा सोडला होता. झाकण उघडले तर आत तांदूळ.

“आये, ही बाजारात का नेत नाहीस?”

शोभा मांदेली साफ करीत होती. तिने मान वर केली नाही. “नेली व्हती एक दिवस.”

“मग?”

“मग काय? चौघी हसल्या. धर्मराजाची सून म्हनते, शोभे, परवाचं म्हावरं आनलंस काय गो? गिऱ्हाईक आलं, त्यानं वाचलं, आनि शेजारनीकडं गेलं. मी काय तीन दिवसांचं म्हावरं इकतंय?”

“तसं नाही त्याचं. तीन दिवस राहू शकतं, असं आहे ते.”

“ऱ्हातं ना? म्हंजे ऱ्हायलेलं असनार.” शोभाने विळी धुतली. “कुनी लिवलं गो ते? कोन बामनाचा पोर आसल.”

प्रांजलने सांगितले नाही. ती बाहेर ओसरीवर जाऊन बसली. ओहोटी लागली होती. धक्क्यापुढचा चिखल मैलभर उघडा पडून चमकत होता आणि मुंबईची लाँच दूर, पाणी चढण्याची वाट पाहत थांबली होती. आई म्हणाली ते तिला नवीन नव्हते. बोलायला शिकण्याच्या आधीपासून ती ते ऐकत आली होती. गिऱ्हाईक कल्ला उचलून पाहते, विचारते, कधीची? त्याला उत्तर एकच असते. आत्ताच आली. मासळीच्या बाजारात मासळीला कालचा दिवस नसतो. बर्फ सगळ्याच वापरतात, पण पाटीच्या तळाशी, केळीच्या पानाखाली, जिथे नजर जात नाही तिथे. बर्फातले म्हावरे ही शिवी आहे. आणि कोळणीच्या पोटी जन्मलेल्या मुलीने ही शिवी पांढऱ्या अक्षरांत, चारही अंगांनी, चारशे वेळा छापून घेतली होती. दररोज सकाळी उरणच्या स्थानकावर बस बदलताना ती आपली बोली बदलीत असे. त्या बोलीच्याच गाठोड्यात हेही ज्ञान बांधून तिथेच ठेवले जात होते, हे तिच्या कधी लक्षात आले नव्हते.

कार्यालयात जाऊन हे सांगणे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचे पद पुसणे. न सांगणे म्हणजे आणखी तीन महिने टेबलावर बसणे आणि मग पुसले जाणे. सोमवारी तिने जोगळेकरांकडे आठ दिवस मागितले. कारण विचारल्यावर म्हणाली, बाजारात बसायचे आहे.

“पगार इकडचा आणि बसणं तिकडचं,” कल्पेश म्हणाला. “येताना कोळंबी तरी आण.”

उरण नाक्याच्या बाजारात शांतीमावशीचा ओटा कोपऱ्यात होता. सत्तरीकडे झुकलेली ही बाई करंजा आणि मोरा या दोन्ही गावांतली नाती तोंडपाठ असलेली. तिने प्रांजलला खालीवर पाहिले.

“तू शोभीची ना? बस हितं. पन गिऱ्हाइकाच्या मधी नको, आनि ती वही आत ठेव. पोलीस वाटतंस.”

वही पिशवीत गेली. प्रांजल पहिले दोन दिवस नुसती बसून राहिली. सकाळ गर्दीत जाई. त्यानंतर, बाराच्या सुमारास, बाजारावर एक वेगळाच काळ उतरे. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या ओल्या फरशीवर पडत, त्यांत खवले चमकत, आवाज पाण्याखालून आल्यासारखे दूर जात. एखादे मांजर उन्हाची एक पट्टी ओलांडून दुसरीत जाऊन झोपे. आणि याच स्वप्नवत शांततेत बायकांच्या चेहऱ्यांवर घाई दिसू लागे. मासळी थांबत नाही. त्याच पैशांत दोन वाट्यांचा एक वाटा होई, मग तिनांचा. सकाळी ताठ मानेने बोलणाऱ्या बायका येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारू लागत, विनवू लागत. अडीच वाजेपर्यंत ओटे धुऊन त्या उठत, तेव्हा त्यांच्या चालण्यात हरल्याची भावना असे. संध्याकाळी खारघर, नवीन पनवेलकडून कामावरून परतणारे लोक मासळीसाठी येत तेव्हा बाजार अर्धा रिकामा असे.

शांतीमावशी मात्र दुपारी हाका मारीत नव्हती. ती तंबाखू मळीत बसे. तिसऱ्या दिवशी प्रांजलचे लक्ष तिच्या बसण्याकडे गेले. म्हातारी नेहमीच्या पाटावर बसत नव्हती. जरा उंच, गोणपाटात गुंडाळलेल्या कशावर तरी बसली होती, आणि गोणपाटाच्या एका फाटलेल्या जागी निळा रंग दिसत होता.

“मावशी, ही आमची पेटी?”

“तुमची कशाला? माजी हाय. कंपनीवाला दिऊन गेला.”

“काय करतेस तिचं?”

“बसतंय. गुडघं दुखाचं थांबलं.”

प्रांजल हसली. “एवढंच?”

मावशीने आजूबाजूला पाहिले, तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात केला आणि आवाज उतरवला. “सकालचं अर्धं म्हावरं वर मांडतंय. अर्धं बुडाखाली. चार वाजता उठतंय, पदर झटकतंय, आनि नवीन पाटी आल्यावानी मांडतंय. दुपारी मना कुनापुढं हात जोडाला लागत नाय.”

“आणि गोणपाट कशाला?”

“ते कायतरी लिवलंय ना तुमच्या लोकांनी येड्यासारखं.”

हे ऐकून प्रांजलला वाईट वाटायला हवे होते. पण ती त्या निळ्या फटीकडे पाहत राहिली. शेडमधल्या तापमापकाने त्या पेटीत तीन दिवस मोजले होते. मावशीला तीन दिवसांशी काही कर्तव्यच नव्हते. बाजारातल्या सगळ्यांच्या हातून निसटणारी एक दुपार, बारापासून चारपर्यंतची, ती आपल्या अंगाखाली झाकून ठेवीत होती आणि वर निवांत बसून होती. राणीने सिंहासनावर बसावे तसे, असे प्रांजलच्या मनात आले; मग तिने तेही खोडून टाकले. गुडघे दुखायचे थांबले, हेच वाक्य बरे होते.

उरलेल्या दिवसांत तिने तिथल्या सगळ्या पाटांची उंची मनगटापासून कोपरापर्यंतच्या मापाने मोजली, बायका कोणत्या बाजूने उठतात ते पाहिले, आणि पेटीच्या झाकणाची कडा मांडीला कुठे टोचते ते मावशीकडून नको तितक्या तपशिलाने ऐकून घेतले.

जानेवारीतल्या बैठकीत ती उभी राहूनच बोलली. पेटी चार बोटे ठेंगणी करावी. झाकण सपाट आणि कडा गोल असाव्यात, कारण त्यावर बसायचे आहे. आणि पेटीवर एकही शब्द असू नये.

“कंपनीचं नाव?” जोगळेकरांनी खिडकीकडे पाहत विचारले.

“झाकणाच्या आतून. उघडेल तिलाच दिसेल असं.”

कल्पेशने दोन्ही मोबाइल टेबलावर ठेवले. “बरोबर आहे. मार्केटिंगसाठी बाई ठेवली, आणि बाई म्हणते काही लिहूच नका. उद्या मीही म्हणतो, विकूच नका.”

“कल्पेशदादा, तू स्वतः सांगितलंस ना, पेटी कोणाच्या समोर दिसत नाही? ती दिसता कामाच नये. ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी ती बाजारातून जाईल.”

 जोगळेकरांनी, खिडकीकडे न पाहता, विचारले, “ती ओळ कोणाची होती?”

“माझी, सर.”

“तुमच्या घरी हाच धंदा. तुम्हाला हे माहीत नव्हतं?”

“माहीत होतं. पण मला वाटलं, इथे त्याचा उपयोग नाही.”

 सांगायचे ते सांगून झाले होते आणि त्यात स्वतःच्या बचावाचे काहीही नव्हते, हे जागेवर बसताना तिला जाणवले.  शेवटी जोगळेकर म्हणाले, ठेंगण्या पेटीचा साचा करायला वेळ लागेल. तोवर छापलेल्यांपैकी साठ पेट्या पुसून घ्या. साठ गेल्या तर पुढचे पाहू. नाही गेल्या, तर एप्रिलमध्ये जे ठरवायचे ते ठरवू.

शेडमध्ये साठ पेट्या पुसायला दोघी कामगार बायका होत्या. प्रांजलही त्यांच्याबरोबर बसली. थिनरचा बोळा फिरवला की अक्षर आधी दुधाळ होई, मग पसरे, मग बोळ्यावर येई. पहिल्या वीस पेट्यांपर्यंत तिला आपली ओळ वाचता येत होती. यानंतर थिनरच्या वासाने डोके हलके झाले आणि तिला नुसते पांढरे ढग दिसू लागले, निळ्यावरून सरकणारे, विरणारे. ते आकाश मोकळे होताना पाहण्यात एक सुख होते, आणि त्या सुखाचे तिला नवल वाटत होते.

पेट्या नेताना तिने पत्रक छापले नाही. एकच पेटी घेऊन ती शांतीमावशीकडे गेली आणि म्हणाली, गोणपाट काढ आणि ही घे. मावशीने पेटी चहूबाजूंनी फिरवून पाहिली, वरून हात फिरवला, आणि बसली. एवढाच समारंभ झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या ओट्यावरची समृद्धी, मावशीच्या पुतण्याची बायको, प्रांजलला बाजूला घेऊन म्हणाली, “म्हातारीसारखं बसाचं मना पन दे. पन तिला सांगू नको.” त्यानंतर जी आली ती असेच म्हणाली, आधीच्या प्रत्येकीला सांगू नको असे बजावत. प्रांजलने सगळ्यांची गुपिते राखली. तिचे सारे काम आता हेच होते. सकाळी बाजारात बसायचे, दुपारी रोडपालीला येऊन कोणी काय म्हणाले ते तळोज्याच्या शेडला कळवायचे, आणि कल्पेशला सांगायचे की अमक्या बाजारात आज जाऊ नकोस, उद्या दुपारी जा, तेव्हा घाई कळते. कल्पेश आधी कुरकुरला. मार्चमध्ये उरणहून त्याचा फोन आला, “अगं, तुझी आई दुसरी मागतेय. म्हणते पहिलीत तांदूळ आहेत. देऊ ना?”

साठ पेट्या गेल्या. मग उरलेल्या पुसल्या गेल्या, मग ठेंगण्या निघाल्या. पण नेमणूकपत्रातल्या वाक्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जोगळेकर म्हणाले, मला एकदा बाजार दाखवा.

ते आले तेव्हा चार वाजायला आले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात घडी घातलेला रुमाल. प्रांजल त्यांच्या एक पाऊल मागे चालत होती. पत्र्याखालचा उजेड सोनेरी आणि दाट झाला होता आणि बाजार भरलेला होता. रांगेने ओटे, ओट्यांमागे बायका, सगळ्या एका उंचीवर, पाठी ताठ, कोणी कोणाला हाक मारीत नव्हती. जोगळेकर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

“आपल्या पेट्या कुठे आहेत?” त्यांनी हळू आवाजात विचारले.

“बायका बसल्यात त्यांच्यावर.”

ते पुन्हा पाहू लागले. लुगड्यांचे आणि साड्यांचे घोळ फरशीपर्यंत आले होते आणि निळे असे कुठे काही दिसत नव्हते. वीस वर्षे त्यांनी बनवलेल्या प्रत्येक भिंतीवर त्यांच्या कंपनीचे नाव हातभर अक्षरांत रस्त्याने फिरत आले होते.

“काय सायेब,” शांतीमावशी म्हणाली, “पापलेट देऊ? बगा, आत्ताच आलं.” आणि ती उठली, पदर झटकला, पाठ वळवून खाली वाकली, आणि दोन पापलेटे ओट्यावर अशी ठेवली की त्यांच्यावरचे पाणी समुद्राचेच वाटावे.

जोगळेकरांनी प्रांजलकडे पाहिले. प्रांजलने पत्र्याकडे पाहिले. मग त्या मितभाषी माणसाने रुमाल खिशात ठेवला, वाकून एका पापलेटाचा कल्ला बोटाने उचलला, आतला लाल रंग निरखला, आणि एखादी चाचणी मान्य करावी तसे म्हणाले, “ताजं आहे. द्या.”

बाहेर नाक्यावर गाडीपाशी ते थांबले. हातातली पिशवी कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हते.

“ओवे गावाच्या बाजूला दूधवाले आहेत,” ते म्हणाले. “त्यांच्यासाठी काही करता येईल असं मला वाटतं. काय ते मला माहीत नाही. तुम्ही आधी तिथे बसून या.”

“सर, माझ्या पदाचं पत्र...”

“ते टाइप होतंय.” त्यांनी पिशवी शेवटी पुढच्या आसनावर, आपल्या शेजारी ठेवली. “किती दिवस बसावं लागेल?”

प्रांजलने दूधवाल्यांबद्दल आपल्याला काय काय ठाऊक आहे ते मनात चाचपून पाहिले. काहीच नव्हते.

“एक महिना,” ती म्हणाली. “पहिले पंधरा दिवस तर मला काही विचारूसुद्धा नका.”